कापसाच्या बोंडाचा कपकेक : आमची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन, आणि जिथे पाण्याची सोय आहे तिथे संत्र्याच्या बागा. पांढऱ्याशुभ्र गवळाऊ बैलांचा हा मूळ पट्टा. इथे वाढदिवसाला आधी पाट मांडून औक्षण होतं, मग केक कापला जातो. आम्ही काम सुरू करण्यापूर्वी तो केक तालुक्याहून यायचा, मोटारसायकलच्या हँडलला अडकवून. एप्रिल-मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. वाटेतच क्रीम उतरायचं, वरचं नाव पसरायचं, खडीच्या रस्त्यावर डबा आदळून केकची एक बाजू बसायची. बनवणाऱ्याची त्यात काही चूक नसायची. तो केक थंड काचेच्या कपाटासाठी केलेला असायचा. आमच्या उन्हासाठी, आमच्या रस्त्यांसाठी केक इथेच व्हायला हवा, असं मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मनावर घेतलं. आज आजूबाजूच्या गावांत बारसं असो, वाढदिवस असो की कुणाची सेवानिवृत्ती, केक आमच्याकडून जातो.

भाजलेल्या पदार्थांची गोडी घरात आधीपासून होती. वर्ध्याला गेलेला माणूस गोरस भांडारातला गोरसपाक, म्हणजे तिथलं तुपातलं बिस्कीट, घेतल्याशिवाय परत यायचा नाही. गाईच्या तुपाचा तो वास डबा उघडताच घरभर व्हायचा. जाऊबाई दर वेळी म्हणायच्या, "आपल्याच्यानं नाही होनार का व असं काही?" गोरसपाकाच्या वाटेला आम्ही गेलो नाही, तो वर्ध्याचाच राहू द्यावा. पण केकला हात घातला. पहिले केक कुकरमध्ये झाले. तळाशी चाळलेली रेती, तिच्यावर जाळी, झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं, रेती चांगली तापली की आच मंद करून भांडं आत. कपकेकसाठी कागदी वाट्या गावात मिळायच्या नाहीत. आमटीच्या स्टीलच्या वाट्यांना तेलाचा हात फिरवून वर मैदा भुरभुरवायचो आणि दोन तृतीयांश भरायचो. त्याहून जास्त भरलं की पीठ फुगून काठाबाहेर येतं, हा हिशेब कागदी वाट्या आल्यावरही तोच राहिला.

गावाकडच्या बहुतेक ऑर्डरी बिनअंड्याच्या असतात. श्रावण असतो, कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, काही घरं माळकरी. बिनअंड्याचा केक म्हणजे दुय्यम, असं कुणी म्हटलं की मी थांबून समजावते. दह्याचा आंबटपणा आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की बारीक बुडबुडे सुटतात आणि तेच केकला वर उचलतात. म्हणून सोडा पडल्यावर पीठ थांबवायचं नाही, लगेच वाट्यांत आणि लगेच आचेवर. आमच्याकडे उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत पार आंबून जातं, त्यामुळे केकचं दही रात्री विरजून पहाटेच वापरतो. एवढं सांभाळलं की केक हलका होतो, आणि दोन दिवस मऊ राहतो.

ओव्हन घेतला तेव्हा विजेचा प्रश्न समोर आला. ओलिताच्या दिवसांत शिवारातले पंप सुरू झाले की घरातला दिवा डिम होतो. अशा वेळी ओव्हन तापतो, पण पाहिजे तेवढा तापत नाही. कपकेकला 170 ते 180 अंश लागतात. आच कमी पडली तर तो फिकट राहतो आणि मध्ये बसतो. म्हणून आम्ही भाजायची वेळ पहाटे चारची केली. तेव्हा दाब पूर्ण असतो, स्वयंपाकघर थंड असतं, आणि उजाडेपर्यंत सगळे केक निवून सजावटीला तयार. पुढे बचत गटाच्या कर्जातून गॅसचा ओव्हन आला आणि विजेवरचं अवलंबन कमी झालं, पण पहाटेची वेळ आम्ही सोडली नाही. कागदपत्रांचं काम मात्र वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. छोट्या घरगुती उद्योगाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी लागते, आम्ही घेतली तेव्हा वर्षाला 100 रुपये शुल्क होतं. तो 14 अंकी क्रमांक आमच्या प्रत्येक डब्यावर असतो.

सगळ्यात जास्त डोकं कशावर लावलं असेल तर उन्हावर. लोणी साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. आमच्या ओसरीत मे महिन्यात त्याहून जास्त तापमान असतं, मग लोण्याच्या आयसिंगचं फूल उभं राहणार तरी कसं? वनस्पती तेलाचं व्हीपक्रीम थोडं जास्त तग धरतं, तेही भांडं, बीटर आणि क्रीम तिन्ही थंड असतील तर. हिवाळ्यात आम्ही क्रीमची हौस पुरी करतो. होळी झाली की चॉकलेट-क्रीमच्या गनाशवर येतो, आणि त्यातलं क्रीम कमी करत जातो. एरवी दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, कडक उन्हात तीन भाग चॉकलेटला एक. पांढऱ्या चॉकलेटला तर बाराही महिने तीनास एकच लागतं. फाँडंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याची, चित्रं पावसाळ्यात घाम धरतात, हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, फ्रीजमधून काढली की आणखीनच. त्याला आम्ही आपल्याकडचाच तोडगा काढला. काजूची बारीक पूड, एकतारी पाक, चमचाभर तूप. काजूकतलीसाठी मळतो तसाच गोळा, जरा घट्ट. त्याचे बैल, संत्री, पाखरं, बाळाचे जोडे, काय म्हणाल ते वळता येतं. उन्हात ते ढळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे पोरं ते आवडीनं खातात. फाँडंटची बाहुली निम्म्या घरांत ताटाच्या कडेला पडून राहते, हे आम्ही पाहिलं आहे. काजू महाग, म्हणून पूर्ण केक त्यात गुंडाळत नाही, वरची चित्रं तेवढी त्याची.

कपकेककडे आम्ही जास्त वळलो तेही रस्त्यांमुळे. मोठा केक बैलबंडीत किंवा गाडीवर न्यायचा तर आतून काडीचा आधार द्या, बर्फाची बाटली ठेवा, एका माणसाला डबा मांडीवर धरून बसवा. कपकेक आपापल्या खोबणीत बसतो, हलत नाही. कापावा लागत नाही, ताटल्या लागत नाहीत, पंगतीत लाडू वाढावा तसा हातावर देता येतो. पन्नास पोरांच्या अंगणात यापेक्षा सोयीचं काही नाही.

आमची ओळख झाली ती कापसाच्या बोंडाच्या कपकेकने. शीतादहीला, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीला वावरात दहीभाताचा नैवेद्य होतो तेव्हा, शेजारच्या एका काकूंनी सोबत काही गोड मागितलं. मी वावरातून फुटलेलं बोंड आणून ओट्यावर ठेवलं आणि बघत बसले. बोंडाच्या वाळक्या पाकळ्या चार किंवा पाच असतात, टोकाला बाहेर वळलेल्या, आणि दर दोन पाकळ्यांच्या फटीतून कापूस फुगून वर आलेला असतो. गोल तोंडाचा नोझल लावून क्रीमचे जाडजूड ठिपके जवळजवळ दाबायचे, नोझल वर उचलताना टोक निघू द्यायचं नाही, बाजूला हलकं वळवून तोडायचं. मग चॉकलेट बटर पेपरवर पाकळीच्या आकारात पसरून गोठवायचं आणि त्या वाळक्या पाकळ्या ठिपक्यांच्या मध्ये खोचायच्या. काकूंनी डबा उघडला, काही बोलल्या नाहीत, फक्त सगळ्या वेचणाऱ्या बायांना हाका मारल्या. त्या दिवसापासून बोंडाची मागणी थांबली नाही. कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती आला की त्याच घरातून मोठ्या केकची ऑर्डर येते.

सजावटीची कला आम्ही गावात आणली, असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. ती इथे होतीच. उंबऱ्यासमोर ठिपक्यांची रांगोळी हात न उचलता काढणाऱ्या बायका, लग्नघरी रात्रभर मेंदी काढणाऱ्या पोरी, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावून, झूल चढवून, बाशिंग बांधून त्याला नवरदेव करणारे बाप्ये. आम्ही त्यांच्यासमोर केक ठेवला, इतकंच. हे आम्हाला कळलं ते स्पर्धांमुळे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बायकांसाठी कपकेक सजवायची स्पर्धा ठेवली. प्रत्येकीला सारखं सामान : एक साधा कपकेक, पांढऱ्या क्रीमचा कोन, एक रंग, मूठभर तीळ. बऱ्याच जणींनी कोन आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता, पण मेंदीवाल्या पोरींचा हात पहिल्या दाबापासून स्थिर. मेंदीच्या कोनाला जसा अंगठ्याचा दाब देतात, तसाच क्रीमच्या कोनाला. त्यातल्या एकीने तिळांची हलव्याच्या दागिन्यांसारखी माळ मांडली. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आता लग्नसराईत आमच्याकडे कामाला येतात, आणि गुलाबाच्या पाकळ्या माझ्यापेक्षा देखण्या काढतात. नावं लिहायचं कामही त्यांच्याकडेच आहे.

पण सगळ्यात रंगते ती तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, मग घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाने खाऊ-पैसे, मागायला निघतात. त्याआधी सकाळी आमच्या अंगणात कपकेकचा बैल करायचा. आई-बापांनी कुंपणाबाहेर थांबायचं, हा एकच कडक नियम. पोरांना क्रीम, चॉकलेटच्या काड्या, बदाम, रंगीत साखर असं सामान देतो. कुणी बदामाचे कान करतं, कुणी काड्यांची शिंगं. परीक्षक म्हणून गावातले जुने बैलजोडीवाले आजोबा असतात. त्यांना केकमधलं काही कळत नाही, बैलातलं सगळं कळतं, आणि आम्हाला तेच हवं असतं. एका पोराचा बैल शिंगं, झूल, घुंगरमाळ सगळं घेऊन उभा होता. आजोबा वाकले, नीट पाहिलं आणि म्हणाले, "बैलाले वशिंड नाही, तं जू कायच्या आधारानं ठेवशीन रे बाप्पा?" पोराने तिथेच कोन उचलला आणि मानेमागे क्रीमचा एक उंच ढीग काढला. शेजारच्या पोरांनीही आपापल्या बैलांकडे पाहिलं, आणि अंगणातल्या सगळ्या बैलांना वशिंड आलं. त्या वर्षीपासून आमच्या काजूच्या बैलालाही आम्ही गवळाऊचं नीट वशिंड देतो. पहिला-दुसरा नंबर काढतो, पण बक्षीस सगळ्यांना एकच. आपापला कपकेक घरी न्यायचा.

भुलाबाईची खिरापत ही पोरींची स्पर्धाच म्हणायची. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गाणी होतात, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खाऊ ओळखायचा. त्यासाठी आम्ही छोटे बिनक्रीमचे कपकेक करतो, वरून सगळे सारखे, आत मात्र कधी खोबरं, कधी तीळगूळ, कधी संत्र्याचा मुरंबा. डबा हलवला तर आवाज इतका कमी येतो की पोरी वैतागतात. खिरापत ओळखली गेली नाही की ज्या घरची, त्या घराचा मान राहतो.

संत्र्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आमच्या भागातल्या केकला संत्र्याचा वास नसेल तर मला चैन पडत नाही. आंबिया बहाराचं फळ साधारण दिवाळीच्या आगेमागे, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाजारातल्या इसेन्सला मी हात लावत नाही. साल किसताना वरचा नारिंगी थर तेवढाच घ्यायचा, खालचा पांढरा आला की कडू. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून सोलण्याआधी, फळ मुठीत घट्ट धरून किसायचं. रस मात्र आयत्या वेळी काढायचा. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की त्यात कडवटपणा उतरतो, बी चिरडलं तर आणखी. रसाने केक भिजवण्यापेक्षा सालीचा कीस साखरेत चोळून ती साखर पिठात घातली तर सुगंध जास्त टिकतो. आमच्या संत्रा कपकेकची सगळी गोष्ट त्या चोळलेल्या साखरेत आहे.

पैशाच्या बाबतीत जाऊबाई पक्क्या आहेत. मैदा, साखर, गॅस, डबा, गाडीचं पेट्रोल, दोघींची मजुरी, सगळं वहीत. खर्चाचा मोठा वाटा सजावटीत आणि डब्यात जातो, हे वही सांगते. एक गोष्ट मात्र आम्ही नफ्यात धरत नाही. मजुरीला जाणाऱ्या घरातून कधी एकाच कपकेकची मागणी येते, वर लेकराचं नाव. त्या एका कपकेकला आम्ही अर्ध्या किलोच्या केकइतकाच वेळ देतो, लहान डबा वेगळा ठेवलेला असतो, आणि नाव लिहिण्याआधी ते कसं लिहायचं हे त्या आईला विचारून घेतो. अशी ऑर्डर आम्ही आजवर परत पाठवलेली नाही.

यंदा तान्ह्या पोळ्याला शेजारच्या गावांतल्या पोरांनाही बोलावलं आहे. नावं पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांद शेकायची वेळ होईपर्यंत घेतो. अंड्याचं, दुधाचं किंवा शेंगदाण्या-काजूचं कुणाला वावडं असेल तर नाव देतानाच सांगावं. भुलाबाईच्या खिरापतीसाठी एक दिवस आधी निरोप पुरे, आणि डबा घट्ट झाकणाचा, घरचाच आणावा.