मुकुटाभोवतीचं सिलिकॉन

गणपतीच्या नमुन्यावर ओतलेला साचा उघडला तेव्हा पोट, मांड्या, पाट, सगळीकडे सिलिकॉन घट्ट आणि कोरडं होतं. मुकुटापाशी आणि कंठीच्या खाचांत बोट लावलं तर काकवीसारखा चिकट थर हाताला आला. एकाच वेळी कालवलेलं, एकाच वेळी ओतलेलं, १८ तास ठेवलेलं मटेरियल. कारखानदारांनी विचारलं, "दादा, अजून एक दिवस ठेवलं तर सुकेल ना?" नाही सुकणार. हे सिलिकॉन वाळत नाही, दोन भागांची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. जिथे ती क्रिया अडली, तिथे महिनाभर ठेवलं तरी चिकटच राहतं.

काम पेणच्या एका कारखान्याचं, १२ इंची गणपतीचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सुधारित विसर्जन सूचनांनंतर शाडूकडे ओढा वाढला, पण या कारखान्यातले जुने नमुने रबरी साच्यातून पीओपी काढण्याच्या हिशेबाने घडवलेले. म्हणून नवा नमुना संगणकावर घडवायचा, थ्रीडी प्रिंटरवर त्याची प्रिंट काढायची, तिच्यावर सिलिकॉनचा साचा करायचा, त्यातून पीओपीचे मूळ नमुने काढायचे आणि त्यांच्यावरून शाडू दाबायचे प्लास्टरचे साचे बनवायचे, असं ठरलं. शाडूला प्लास्टर हवं, कारण ते मातीतलं पाणी ओढून घेतं. माती किंचित आकसते आणि आपोआप सुटते. सिलिकॉनमध्ये ती ओलीच बसून राहते आणि काढताना कान, बोटं वाकतात.

या क्रमातच एक सापळा आहे. सिलिकॉन लवचीक, त्यामुळे खाचेत अडकलेला भागही ओढून निघतो. प्लास्टर वाकत नाही. फाइलमधली चूक पहिल्या साच्यात झाकली जाते आणि थेट तिसऱ्या पायरीवर उघडी पडते. आमच्या फाइलमध्ये सोंड पोटापासून ४ मिमी अधांतरी होती. पडद्यावर देखणी, पण प्लास्टरचा तुकडा त्या फटीतून निघणार कसा? फट भरून सोंड पोटाला टेकवली. दागिन्यांच्या उभ्या भिंतींच्या खाचा इंग्रजी व्हीसारख्या उतरत्या केल्या आणि १ मिमीपेक्षा अरुंद खाचा काढून टाकल्या. त्यात माती अडकते आणि रंगाच्या दोन हातांत त्या बुजतातच. चारही हात वेगळे केले, खुंटी आणि भोक यांत ०.२५ मिमी मोकळीक ठेवली. हल्ली ब्लेंडर (संगणकावर आकार घडवायचं सॉफ्टवेअर) शिकलेली मुलं चेहरा फार सुरेख घडवतात, पण साचा कुठून उघडेल हे त्यांना कोणी शिकवत नाही. माझ्या मते तो पहिल्या दिवशीचा धडा आहे.

मापाचंही तसंच. आमच्या शाडूची १०० मिमीची ओली पट्टी सुकल्यावर ९४ भरली. म्हणून ३०५ मिमीची मूर्ती हवी तर ३०५ भागिले ०.९४, म्हणजे ३२४.५ मिमीचा नमुना. नुसते ६ टक्के वाढवले तर मूर्ती मिलिमीटरभर कमी भरते. शिवाय प्रिंटसाठी आकार ज्या एसटीएल फाइलमध्ये जातो, तिच्यात एकक नसतं. ब्लेंडरमध्ये मीटरमध्ये केलेलं काम स्लायसर (आकाराचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर) मिलिमीटर समजतो आणि मूर्ती ठिपक्याएवढी दिसते. हजारपट करून घ्यावी लागते.

शरीर पीएलए या प्लास्टिकमध्ये ०.१६ मिमी थराने काढलं, मुकुट आणि कंठी रेझिन प्रिंटरवर (पातळ रेझिन प्रकाशाने घट्ट करत जाणारा) ०.०५ने. कच्चं रेझिन उरू नये म्हणून हे भाग अल्कोहोलने धुऊन वर लॅकर फवारला. नमुन्यावर सेंटीमीटरभर जाड शाडूचा थर चढवला, वर प्लास्टरचं कवच केलं, मग शाडू काढून त्या पोकळीत सिलिकॉन ओतलं. काढलेल्या शाडूचं वजन ६.३ किलो. ओल्या शाडूची घनता १.८ धरली तर साडेतीन लिटर पोकळी; सिलिकॉनची घनता १.१, म्हणजे ३.८५ किलो, नासधूस धरून ४.२. हा हिशेब कधी चुकला नाही. निर्वात पंपाने मिश्रणातली हवा काढताना ते चौपट फुगतं, म्हणून भांडं पाचपट मोठं घ्यायचं. उन्हाळ्यात पेणला कालवल्यापासून ओतायची अर्ध्या तासाची मुदत पंधरा मिनिटांवर येते, त्यामुळे सकाळी सहाला ओतलं.

सिलिकॉन प्लॅटिनमचं होतं. बाजारात 'सिलिकॉन' या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. कथिलाचा कॅटलिस्ट (क्रिया घडवून आणणारं द्रव्य) असलेलं स्वस्त, कशावरही बऱ्यापैकी घट्ट होतं, पण काळाने आकसतं आणि ठिसूळ होतं. प्लॅटिनमचं माप धरून ठेवतं, पण गंधक असलेली प्लॅस्टिसिन (न सुकणारी तेलकट माती), लॅटेक्सचे हातमोजे, कथिलाच्या सिलिकॉनमध्ये फिरवलेली काडी, यांतलं काहीही त्याची क्रिया मारतं. कच्चं राहिलेलं रेझिन तर नक्कीच. विक्रेत्यांनी डब्यावर हे ठळक लिहायला हवं. चार किलो वाया गेल्यावर शिकायची ही गोष्ट नव्हे.

आम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून आधी चाचणी घेतली. मुकुटाच्या सपाट तळावर चमचाभर सिलिकॉन लावलं, ते ठणठणीत घट्ट झालं.

मुकुट करवतीने कापला तेव्हा आत चमचाभर पिवळं, पातळ रेझिन निघालं. पोकळ प्रिंटला २ मिमीचं एकच छिद्र होतं, तेही पुट्टीने बुजवलेलं. एका छिद्रातून द्रव निघत नाही, हवा आत यायला दुसरं लागतं. किमान ४ मिमीची दोन, एक वर, एक खाली. प्रिंट होताना लागलेल्या आधाराच्या काड्या तोडलेल्या जागी सुईएवढी भोकं राहिली होती, तिथून ते झिरपलं.

कंठी मात्र भरीव होती, तरी तिच्या खाचा चिकट. तिथे दोष धुण्याचा की लॅकरचा? कंठीचे दोन तुकडे पुन्हा काढून पाहिलं. एक ताज्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा धुऊन, यूव्ही (अतिनील) दिव्याखाली ठेवून, लॅकरशिवाय. दुसरा जुन्या गढूळ अल्कोहोलमध्ये बुडवून, लॅकर मारून. पहिल्यावर सगळीकडे किंचित चिकटपणा. दुसऱ्यावर उंचवटे कोरडे, खाचा ओल्या. म्हणजे फवाऱ्याचा लॅकर खाचेच्या तळाला पोचतच नाही.

खराब भाग कापून नवं सिलिकॉन जोडता आलं असतं. स्वच्छ प्लॅटिनम सिलिकॉनवर नवं पक्कं चिकटतं. पण जोड गळ्याशी आला असता आणि प्रत्येक नमुन्यात ती रेघ उमटली असती. पूर्ण साचा पुन्हा केला. रेझिनचे भाग धुऊन, यूव्हीनंतर ६० अंशांवर चार तास तापवले (पीएलए त्या भट्टीत ठेवायचं नाही, ६०लाच मऊ पडतं), लॅकर बारीक कुंचल्याने खाचांत भरला, आणि चाचणी कंठीच्या सर्वांत खोल खाचेत घेतली. ती घट्ट झाल्यावरच ओतलं. या वेळी मुकुट कोरडा निघाला. पहिल्या साच्याचा मुकुटाचा तुकडा फळीवर आहे. तीन आठवडे झाले, अंगठा दाबला तर अजून ठसा उमटतो.