गुडघ्याचे हवामान खाते

काल दुपारी लख्ख ऊन पडलेले असताना माझा डावा घोटा ठणकू लागला आणि काही विचार करण्याआधीच मी गच्चीत जाऊन दोरीवरचे कपडे काढून आणले. शेवाळलेल्या पायरीवर हा घोटा मोडला त्याला आता दहा वर्षे झाली. सवय मात्र त्याहून जुनी, आजीकडून आलेली आहे.

आजीच्या उजव्या गुडघ्याला घरात हवामान खात्याहून अधिक मान होता. मे महिन्याच्या अखेरीस अंगणात जुन्या धोतरावर कुरडया वाळत असत आणि ओसरीवर बसलेल्या आजीने तळव्याने गुडघा चोळत “धरलाय गं” एवढे म्हटले, की आई आणि काकू हातातले काम टाकून धावत. घाईने उचललेल्या अर्धओल्या कुरडया धोतराला चिकटत, त्या सोडवताना मोडलेले तुकडे आम्हा मुलांना मिळत, आणि म्हणून आजीचा गुडघा दुखावा असे आम्हाला मनापासून वाटे, हे लिहिताना आज थोडी लाज वाटते. रात्री ती तव्यावर गरम केलेल्या निर्गुडीच्या पाल्याने गुडघा शेकत असे.

पावसाआधी हवेचा दाब उतरतो म्हणून सांधे दुखतात, असे म्हणतात. ते मला पटलेही असते. पण मुंबईहून पुण्याला येताना हा दाब साधारण 60 मिलिबारने उतरतो, ढगाळ दिवसाचा उतार त्यापुढे किरकोळ, आणि तरी खंडाळ्याच्या घाटात आजीची तक्रार फक्त कानांत दडे बसल्याची असे. रेडेलमायर आणि ट्वर्स्की या संशोधकांनी 1996 साली संधिवाताच्या 18 रुग्णांच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दुखण्याचा आणि हवेचा मेळ बसला नाही. 2019 साली मँचेस्टरच्या संशोधकांना मात्र 2,658 जणांच्या मोबाइलवरील नोंदींत दमट, वाऱ्याच्या आणि कमी दाबाच्या दिवशी दुखणे थोडेसे वाढलेले आढळले. “थोडेसे” हा शब्द आजीने मुळीच ऐकून घेतला नसता.

आमच्या घरात कोणी नोंदी ठेवल्या नाहीत. गुडघा दुखूनही आभाळ कोरडे राहिले, तर आजी शांतपणे “कुठेतरी पडला असेल” म्हणे आणि विषय संपे.

काल पाऊस आला नाही. संध्याकाळी बायकोने पलंगावरचा ओलसर ढीग पाहिला, माझ्या घोट्याकडे पाहिले आणि चिमट्यांची परडी माझ्या हातात दिली. कुठेतरी पडला असेल.