बालशिक्षणाची पदवी : नंदुरबार ते बडोदा

माझी आई नंदुरबार तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिच्याकडेच जायचे, त्यामुळे तिच्या मुलांमध्येच वाढले म्हणा ना. दहावीच्या सुट्टीत तिथे एक चार वर्षांचा मुलगा होता. घरी भिली बोलायचा आणि अंगणवाडीत गप्प. तीन महिने एक शब्द नाही. पर्यवेक्षिका म्हणाल्या, "याला काही येत नाही." एका दुपारी मी चिंचोके मांडत बसले होते. तो शेजारी येऊन बसला आणि एकेक चिंचोका बाजूला सरकवत भिलीत मोजू लागला. अडखळला कुठेच नाही. आईने मला खुणेनेच गप्प बसवलं आणि शेवटचा चिंचोका सरकेपर्यंत तिघंही तशीच बसून राहिलो.

तेव्हाच ठरलं की आपल्याला याच वयाच्या मुलांबरोबर काम करायचं. बारावी सायन्सचा निकाल लागला आणि मग खरी धावपळ सुरू झाली.

पप्पांचं म्हणणं, डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा कर, झेडपीत लागशील. त्यांची काळजी मला कळत होती. पण डी.एल.एड.चा भर पहिलीपासून पुढच्या वर्गांवर, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमीही सहा ते चौदा वयालाच. माझी मुलं तर त्याच्या अलीकडची. २०२० च्या धोरणात तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत स्तर धरला आहे हे मी पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नोकरी?" त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं.

मग एका इन्स्टिट्यूटमध्ये गेले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर, बोर्डावर 'शासनमान्य नर्सरी टीचर ट्रेनिंग', आणि फी एकरकमी. मान्यतेचा कागद मागितला तर मॅडमनी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र खाली काढलं. ते संस्थेच्या नोंदणीचं होतं. संस्था नोंदलेली असणं वेगळं आणि कोर्सला मान्यता असणं वेगळं, हे मला तिथे उभ्याउभ्या समजलं. पूर्वप्राथमिकच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला, म्हणजे डीपीएसईला, एनसीटीई ही शिक्षक-प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद मान्यता देते आणि ती त्या-त्या कॉलेजच्या त्या-त्या कोर्सला असते. घरी येऊन यादी पाहिली, त्यात या इन्स्टिट्यूटचं नाव नव्हतं. माझ्या वर्गातल्या दोघींनी तोवर तिथे पैसे भरले होते. याचा राग अजून गेलेला नाही. फी भरायच्या आधी हा कागद मागाच, आणि तो दाखवायला कुणी खळखळ करत असेल तर तिथून उठा.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालशिक्षणाचा डिप्लोमा एका वर्षात होतो, तोही घरी राहून. नोकरी करणाऱ्या सेविकेला तो चांगला, आईसाठी मी त्याची माहिती काढून ठेवली आहे. मला मात्र पदवी हवी होती. त्यासाठी बीएस्सीला होम सायन्स, त्यात 'मानव विकास' हा मुलांची वाढही शिकवणारा विषय, एवढं एका सीनियर ताईमुळे कळलं. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांचीही चौकशी केली, पण राहायचा खर्च ऐकूनच पप्पा गप्प झाले.

मावशी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. तिने सयाजीराव विद्यापीठाचं सुचवलं. तिथे मानव विकास विभागाचीच स्वतःची बालवाडी आहे, चेतन बालवाडी. "गुजरातेत कशाला?" असं पप्पा म्हणाले तेव्हा आईने कधी नव्हे तो आवाज चढवला. "ताराबाई मोडक बालशिक्षणाच्या कामासाठी भावनगरला गिजुभाई बधेकांकडेच गेल्या होत्या ना? मग बोर्डी, कोसबाडचं बालशिक्षणाचं काम उभं राहिलं. अंगणवाडी त्यांनीच दिली आपल्याला." पप्पांनी दुसऱ्या दिवशी सुरतेपर्यंतची तिकिटं काढली.

चौकशीला गेलो त्या दिवशी विभागातली एक विद्यार्थिनी भेटली. तिने तिची निरीक्षणवही दाखवली. एका पानावर तिने लिहिलं होतं, 'मुलगा रागावला.' बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून विचारलं होतं, 'तुला काय दिसलं?' खाली तिने पुन्हा लिहिलं होतं : 'त्याने ठोकळा जमिनीवर टाकला. दाराकडे पाहिलं. मग ठोकळा उचलून मुठीत धरला.' ते वाचताना मला चिंचोक्यांचा मुलगा आठवला. 'काही येत नाही' या शब्दांखालीही कुणी अशी लाल रेघ मारायला हवी होती. मी त्या ताईला एवढंच विचारलं, मुलांबरोबर किती बसायला मिळतं? ती म्हणाली, "वही भरेल इतकं." बस स्टँडवर पोहोचेपर्यंत माझा निर्णय झाला होता.

पुढचं कागदपत्रांचं. दुसऱ्या राज्याच्या बोर्डाची म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र लागलं, त्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. गुणपत्रिकेवर आणि आधारवर आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, ते आधी दुरुस्त करून घेतलं असतं तर आठवडा वाचला असता. अभ्यास इंग्रजीतून. पहिल्या सत्रात मी रात्री एकेक परिच्छेद मराठीत उतरवून काढायचे आणि मगच झोपायचे. मावशीच्या घरी राहते म्हणून हे जमलं.

आता दुसरं वर्ष चालू आहे. माझी पहिली निरीक्षणवही आईने मागून घेतली. पोषण आहाराचं रजिस्टर, वजनाच्या नोंदी, मोबाईलवरची माहिती हे सगळं उरकून ती रोज एका मुलाचं अर्धं पान लिहिते. परवा फोनवर तिने वाचून दाखवलं : 'सुमनने पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला. सांडलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिने फडकं आणलं.'