विंडोजवरून लिनक्सवर : आमच्या फर्मची वाटचाल

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या जुन्या संगणकांत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) नाही, त्यामुळे ते विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. यंत्रे मात्र धडधाकट होती. चालती यंत्रे भंगारात काढणे आम्हाला पटले नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम निवडली.

आधी प्रोग्राम बदलले, सिस्टिम शेवटी. विंडोजवरच लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलची कामे करणारे), फायरफॉक्स हा ब्राउझर आणि मेलसाठी थंडरबर्ड टाकले. सगळ्यांचा हात बसल्यावरच मिंट आणले. थंडरबर्डचे प्रोफाइल फोल्डर (मेल आणि सेटिंग्ज असलेले) जसेच्या तसे उचलून नेता येते, जुनी मेल शाबूत राहते.

खरी मेहनत फाइलींवर झाली. वर्डमधले एका पानाचे पत्र लिबरऑफिसमध्ये दोन पानांवर जाते, ते बहुधा फॉण्टमुळे. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया लिनक्ससोबत येत नाहीत. त्यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया टाका. अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी पुन्हा जागेवर बसतात. एक्सेलच्या मॅक्रोंना, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांना, असा सोपा उपाय नाही. साधे मॅक्रो चालतात, गुंतागुंतीचे नव्याने लिहावे लागतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजचे असेल तर वाइनच्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) भरवशावर राहू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज ठेवा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्टोरेज इंटेल आरएसटी या डिस्क हाताळण्याच्या पद्धतीवर असण्याची शक्यता मोठी. ते बदलून एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत करावी लागते. पण त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचे असेल, तर आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल असे लावा, नाहीतर ते उघडणारच नाही. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की त्याआधीच कागदावर उतरवून घ्या. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असले की विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्स तिथे लिहू देत नाही. दोन्ही सिस्टिममध्ये घड्याळ वेगवेगळे दिसले तर घाबरू नका : विंडोज यंत्रातली वेळ स्थानिक मानते, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ.

प्रिंटर नवा घेताना आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापण्याची मानके) आहे का, एवढे पाहा. मग वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची प्रत ठेवणारे मिंटमधले साधन, पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेट बिघडले तर ते सिस्टिम मागे नेते. मात्र होम फोल्डर (आपल्या फाइली असतात ते) त्यात मुळात धरलेले नसते, म्हणून कामाच्या फाइलींची प्रत आम्ही वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर ठेवतो.