निकाल चांगला, तरी धाकधूक

सोमवार, रात्री

सेमिस्टरचे निकाल लागले की 'माझं कसंतरी जमलं' हे वाक्य नागपुरात हमखास कानी पडतं. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेडिकलमध्ये, मिहानमधल्या कंपन्यांत नव्यानं लागलेल्यांकडूनही. कितीतरी जण ते विनयानं म्हणत नाहीत. आज ना उद्या आपलं पितळ उघडं पडणार, असं त्यांना मनापासून वाटतं.

पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये या अनुभवावर लिहिलं आणि त्याला 'इम्पोस्टर फिनॉमेनन' म्हटलं. हा काही आजार नव्हे. पुढे क्लान्स यांनी 20 विधानांची मोजपट्टी केली. प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण. बेरीज 60 च्या वर गेली, तर ही भावना वारंवार छळते असं धरतात.

आज लिहायचं आहे ते कौतुकाबद्दल. 'अरे, तू हुशार आहेस' असं शंभरदा सांगूनही फरक का पडत नाही? नवं काम आलं की भीती वाटते. मग कोणी गरजेच्या तिप्पट तयारी करतो, कोणी शेवटच्या रात्रीपर्यंत टाळतो. काम चांगलं झालं की पहिला म्हणतो, 'इतकं घासलं म्हणून.' दुसरा म्हणतो, 'नशीब.' कुवत जमेच्या बाजूला येतच नाही. म्हणून बदल तयारीतच करावा लागतो.

दहा मिनिटांच्या सेमिनारला चार तास तयारी आणि दोनदा मोठ्यानं सराव, असं आधीच ठरवायचं आणि तिथं थांबायचं. टाळणाऱ्यानं तेच चार तास चार दिवसांत वाटायचे. सुरुवात छोट्या कामापासून. थेट फायनल व्हायवावर हा प्रयोग केला की घाबरून माणूस जुन्या सवयीवर परततो. कामाआधी वहीत अंदाज लिहायचा. 'वाईट होईल' हा अंदाज नव्हे, तो पडताळताच येत नाही. 'पाचपैकी तीन प्रश्न अडतील' असं लिहा. खरं काय झालं, ते त्याच रात्री शेजारी लिहा. आठ-दहा नोंदी झाल्या की आपला अंदाज कुठे चुकतो ते दिसू लागतं. नुसत्या शाबासक्या लिहिलेली वही मात्र उपयोगाची नाही. मन त्या 'लोक चांगले आहेत' म्हणून उडवून लावतं.

काही वेळा उणीव खरीच असते. वणी किंवा गडचिरोलीहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी लेक्चर झेपत नसेल, तर त्याला धीर देऊन भागत नाही. धडा आदल्या रात्री वाचणं, रोज विषयाचे दहा शब्द पाठ करणं, शिक्षकांना नेमकं कुठे अडलं ते विचारणं, हे लागतं.

आणि कोणी 'कोट्यातून आला' म्हणून टोचत असेल, तर दोष त्या मुलाच्या मनाचा नाही. प्रवेश नियमानं मिळालेला आहे. त्याला आत्मविश्वासाची व्याख्यानं देण्याआधी विभागानं ती टोचणी बंद करावी. याबाबत मला जराही दुमत मान्य नाही.

दोन आठवडे झोप उडाली, पेपर किंवा ड्युटी चुकू लागली, तर वही पुरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.