जुनी डिझेल पिकअप मधेच बंद का पडत होती

चालता चालता बंद पडणारी गाडी ही सुरूच न होणाऱ्या गाडीपेक्षा अवघड. सुरू न होणाऱ्या गाडीत दोष हजर असतो, केव्हाही तपासता येतो. आमची जुनी डिझेल पिकअप सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू व्हायची. आयडलिंग एकसारखं, धूर नाही, ओढ पुरेपूर. आणि मग अर्ध्या वाटेत, बहुतेकदा चढावर, इंजिन दम सोडायचं. आधी बारीक झटके, मग रेस पूर्ण दाबूनही वेग उतरत जायचा आणि शेवटी बंद. थोडं थांबून, फिल्टरवरचा हातपंप मारून पुन्हा सेल्फ मारला की चालू, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दाखवायला काहीच उरायचं नाही.

हा प्रकार नुसता त्रासाचा नव्हता, धोक्याचा होता. इंजिन थांबलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंपही थांबतो. बूस्टरमध्ये जेवढा व्हॅक्यूम शिल्लक असेल तेवढ्यावर एक-दोनदाच ब्रेक नेहमीसारखा लागतो, नंतर पेडलवर सगळी ताकद लावावी लागते. भरलेली गाडी चढावर, मागे दुसरी वाहनं, आणि पायाखालचं पेडल कडक झालेलं. कारण सापडेपर्यंत गाडीत माल भरायचा नाही आणि तपासणीच्या फेऱ्या मोकळ्या रस्त्यावरच मारायच्या, हे पहिल्यांदा ठरवून टाकलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ज्याला सांगावं तो एक पार्ट सुचवायचा: फिल्टर बदल, नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) साफ करून घे, डिझेल पंप कॅलिब्रेशनला दे. फिल्टर बदलला, कारण तो तसाही बदलायला आला होता. फरक पडला नाही. पंपाला मात्र पुराव्याशिवाय हात लावायला मी तयार नव्हतो. पंप उतरवला की टायमिंग (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ) पुन्हा बसवावं लागतं, तो उघडला की सीलपासून सगळं नवं, आणि दोष दुसरीकडे निघाला तर गाडी आहे तिथेच. दोष कोणत्या बाजूला आहे ते आधी गाडीकडूनच वदवून घ्यायचं आणि मग पाना उचलायचा, असं माझं म्हणणं होतं.

त्यासाठी गाडी बंद *कशी* पडते याकडे लक्ष दिलं. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे चालू इंजिन थांबायला मुख्यतः दोनच वाटा: हवा मिळत नाही किंवा डिझेल मिळत नाही. हवा कमी पडली तर काळा धूर दिसतो आणि ओढ कायमच कमी वाटते. तसं काही नव्हतं, एअर फिल्टरही स्वच्छ होता. राहिलं डिझेल. ते तुटण्याचेही दोन प्रकार आहेत. आमचा डिझेल पंप रोटरी प्रकारचा. अशा रोटरी पंपावर इंजिन बंद करण्याचा एक सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारी झडप) असतो. चावी चालू असेपर्यंत त्याला १२ व्होल्ट मिळतात आणि तो डिझेलची वाट उघडी धरतो. करंट गेला की आतली स्प्रिंग वाट बंद करते. या प्रकारात इंजिन चावी फिरवल्यासारखं एकदम बंद पडतं. झटके देत, दम तुटत बंद पडणं हे बहुतेक वेळा डिझेल कमी पडल्याचं लक्षण. आमची गाडी झटके देत होती, तरी जुन्या गाडीची वायरिंग आणि झिजलेला चावीचा स्विच यांना नुसत्या लक्षणावरून सोडून देणं बरोबर वाटलं नाही. ढिलं कनेक्शन हादऱ्याने क्षणभर तुटत-जुळत असेल तर तेही झटक्यांसारखंच जाणवतं.

म्हणून सोलेनॉइडच्या टर्मिनलपासून एक वायर, मधे फ्यूज टाकून, केबिनमध्ये आणली आणि तिला १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडला. सोलेनॉइडला करंट आहे तोवर बल्ब पेटलेला. या वायरीत फ्यूज हवाच, नाहीतर वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर सोलेनॉइडचाच करंट जातो. चढाच्या रस्त्यावर गाडी घेऊन गेलो. इंजिनाने नेहमीप्रमाणे दम सोडला, बंद पडलं, आणि बल्ब शेवटपर्यंत न लुकलुकता पेटलेला राहिला. म्हणजे चावी, फ्यूज, वायरिंग सगळं सुटलं. कॉइल आतून तुटली असती तर बल्ब पेटलेला राहूनही वाट बंद झाली असती, हे खरं. पण मग हातपंप मारून गाडी सुरू होण्याचं कारण नव्हतं.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. त्यांच्याकडे हीच विभागणी स्पार्क आणि पेट्रोल अशी करायची. इग्निशन कॉइल तापली की आतून तुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते, असं पुष्कळदा होतं. त्यामुळे स्पार्क तपासायचा तो गाडी बंद पडल्या पडल्या, तिथल्या तिथे. घरी येऊन तपासला तर स्पार्क छानच दिसणार. तपासताना आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल किंवा त्याची वाफ नाही याची खात्री मात्र आधी करायची.

डिझेल गाडीत बंद पडल्या जागी करायची तपासणी म्हणजे हातपंप. दाबल्यावर तो लगेच कडक लागला तर पुढे डिझेल भरलेलं आहे. मऊ लागला, बराच वेळ मारावा लागला, तर लाइनमध्ये एअर आहे. आमचा दर वेळी मऊ. एअर म्हणजे नेमकं काय होतं ते कळलं की हा दोष डोक्यात बसतो. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपाचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, पुढे येतो, पण त्याचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो. नोजल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि तो सिलिंडर कोरडा जातो. शिवाय रोटरी पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. म्हणजे रोज एअर पकडणारी गाडी तशीच चालवत राहिलं तर चांगला पंपही खराब होत जातो. माझी घाई त्यासाठी होती.

आता एअर येते कुठून? आमच्या गाडीत वेगळा फीड पंप नाही. रोटरी पंपाच्या आतला पाकळ्यांचा छोटा पंपच टाकीतून डिझेल ओढून आणतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली असते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. अशा लाइनला बारीक फट असली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली वाकून थेंब शोधणारा माणूस त्यामुळे रिकाम्या हाताने उठतो. ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकना विचारलं, "काका, पंप उतरवू का?" ते म्हणाले, "पंपाला काय मिळतंय ते आधी बघ. पारदर्शक नळी लाव."

फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप काढून तिथे डिझेलला चालणारी पारदर्शक नळी लावली, क्लिपा नव्या घातल्या. इंजिन सुरू झाल्यावर सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण रेस वाढवून धरली की बुडबुड्यांची न तुटणारी माळ दिसायची, आणि ती माळ दाट झाली की झटके सुरू. इतके दिवस ज्याच्याबद्दल फक्त अंदाज ऐकत होतो ते डोळ्यांनी दिसलं, याचा मला फार आनंद झाला. गाडी दुरुस्त झाली नव्हती अजून, पण दोष पंपाच्या अलीकडे आहे एवढं पक्कं झालं.

टाकीच्या झाकणाचं छिद्रही बघून घेतलं. ते बुजलं असेल तर डिझेल कमी होत जाईल तसा टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि गाडी अशीच दमते. झाकण उघडताना हवा सूं करून आत गेली तर समजायचं. आमच्याकडे आवाज नव्हता, झाकण सैल करून चालवूनही फरक नाही.

याच सुमारास वहीची मदत झाली. प्रत्येक वेळी बंद पडल्यावर मी चढ होता की सपाट, इंजिन किती तापलं होतं, वेग काय होता आणि डिझेलचा काटा कुठे होता ते लिहून ठेवत होतो. बाकीच्या रकान्यांत काही मेळ नव्हता. चढावर जास्त, पण सपाटीवरही. तापल्यावर जास्त, पण थंडही. काट्याचा रकाना मात्र एकसारखा होता. टाकी अर्ध्याच्या वर असताना गाडी एकदाही बंद पडली नव्हती. मग टाकी काठोकाठ भरली आणि तोच चढ, तोच गियर, तीच रेस. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही.

हा धागा हातात असूनही डब्याची तपासणी केलीच. माझ्या मते या सगळ्या प्रकारात तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. टाकी पुन्हा अर्ध्याखाली येऊ दिली. एका स्वच्छ डब्यात गाळलेलं डिझेल घेतलं, डबा गरम भागांपासून दूर पक्का बांधला, आणि पंपाची ओढणारी नळी थेट त्यात सोडली. रिटर्नची नळीही त्याच डब्यात, कारण रोटरी पंप बरंचसं डिझेल परत पाठवतो आणि डबा बघता बघता रिकामा होतो. बुडबुडे नाहीत. मग डबा एक टप्पा मागे, फिल्टरच्या अलीकडे: तरीही नाहीत. म्हणजे फिल्टर, त्याचं हेड, हातपंप, बॅन्जो बोल्टांची (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशर सगळी निर्दोष. शेवटी गाडीखाली जाऊन, टाकीजवळच्या जोडापासून पाइप सोडवून डबा तिथे लावला. आता इंजिन चासीवरून जाणाऱ्या सबंध लोखंडी लाइनमधून डिझेल ओढत होतं, आणि नळी तरीही स्वच्छ. टाकीच्या बाहेर कुठेही दोष नव्हता. तो टाकीच्या आत होता.

टाकी रिकामी करून उतरवली आणि वरची प्लेट खोलली. प्लेटला एक पोलादी नळी जोडलेली असते. ती तळाजवळपर्यंत जाते, टोकाला जाळी, आणि तिच्यातूनच सगळं डिझेल वर ओढलं जातं. जाळीवर थोडी घाण होती, ती धुतली. जाळी पूर्ण बुजली तरी गाडी अशीच दमते, पण ते टाकी भरलेली असतानाही घडतं. नळी बाहेरून नुसती गंजलेली दिसत होती. खालचं टोक बुचाने बंद केलं, नळी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि वरून सायकलच्या पंपाने हलकी हवा दिली. मध्याच्या जरा वर, गंजाच्या एका खवल्याखालून, बुडबुडे यायला लागले. खवला खरवडला तर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र.

स्ट्रॉला वरच्या बाजूला भोक असलं की पाणी त्याच्याखाली जाताच तोंडात हवा येते, तेच इथे होत होतं. टाकी भरलेली असताना छिद्र डिझेलमध्ये बुडालेलं, त्यामुळे तिथूनही डिझेलच ओढलं जायचं. पातळी छिद्राखाली गेली की हवा. चढावर टाकीतलं डिझेल मागे सरकतं आणि नळीचं छिद्र लवकर उघडं पडतं, रेस दाबली की ओढ वाढते, म्हणून चढावर जास्त. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि जुना पंप ते तितकं घट्ट धरू शकत नाही, म्हणून तापल्यावर जास्त. वहीतले बाकीचे रकाने त्या छिद्राने एका दमात समजावून दिले. छिद्र वरच्या भागातच का पडलं, तर नळीचा खालचा भाग डिझेलमध्ये राहतो, वरच्या भागाला टाकीतली दमट हवा लागते. गाडी कमी डिझेलवर उभी राहिली की रिकाम्या जागेत वाफेचं पाणी धरतं आणि गंज वरून सुरू होतो. टाकीच्या तळाशी त्या पाण्याचा थरही सापडला, वर काळसर चिकट गाळ.

छिद्र डाखण्याऐवजी पूर्ण नळी बदलून घेतली, कारण बाकीचा पत्राही कागदासारखा झाला असणार. आतला व्यास तोच आणि लांबी जुन्या नळीइतकीच ठेवली. ती तळाला टेकली तर गाळ आणि पाणी ओढते. जोडकाम प्लेट टाकीपासून पूर्ण वेगळी करून, धुऊन, लांब नेऊन केलं. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते, टाकीवर किंवा टाकीजवळ वेल्डिंग कधीही नको. टाकी धुतली, वाळवली, प्लेटखाली नवं गॅस्केट.

मग एअर काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप, स्क्रू घट्ट, मग सेल्फ. आमची तेवढ्यावर सुरू झाली. एरवी नोजलजवळचे पाइप सैल करून सेल्फ मारावा लागतो. त्या वेळी उडणाऱ्या डिझेलसमोर हात धरायचा नाही. तिथला दाब शंभर बारच्या वर जातो आणि धार कातडीतून आत घुसते. बाहेरून टोचल्यासारखं दिसलं तरी सरळ दवाखाना गाठायचा.

पारदर्शक नळी लावलेली ठेवूनच गाडी चालवली आणि काटा मुद्दाम रिझर्व्हपर्यंत उतरू दिला. चढ, उतार, पूर्ण रेस, नंतर अर्धी गाडी माल भरून पुन्हा तोच चढ. बुडबुडा नाही, झटका नाही. त्यानंतर ती नळी काढली, कारण इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होते आणि क्लिपेखाली सैल पडते, आणि तिच्या जागी डिझेलची जाड रबरी नळी घातली. सोलेनॉइडचा बल्ब मात्र डॅशबोर्डखाली तसाच ठेवला आहे. सोलेनॉइडही गाडीइतकाच जुना आहे.