मेडशीच्या अलीकडे

गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरीला निघालो होतो. अकोला सोडलं आणि चहा सुरू झाला. जरा चाललं की मांडव, मांडवात पातेलं, पातेल्यात नुसता पाक. नको म्हणायची सोय नाही. "माउली, अर्धा तरी घ्या," म्हणत पोरं आडवी येतात. केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटांचे पुडे. पिशवी जड झाली की मी करवादायची आणि तोंडाने हरिपाठ चालूच असायचा.

खरी अडचण साखरेची नव्हती. आमच्या घरी आहेराची वही मी लिहिते. कोणाकडून काय आलं, आपल्याकडून काय गेलं, कोणाचं फेडायचं राहिलं, सगळं तीत आहे. शेजारणीचा डबा आमच्याकडून रिकामा जात नाही, चिमूटभर साखर तरी पडतेच. इथे दिवसभर माणसं देत होती; नाव सांगत नव्हती, गाव विचारत नव्हती. लिहायचं कुठे?

विणेकरी बुवांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "महाराज पयल्यांदा दिसले तवा काय करत होते?" आमच्याकडे हे लेकरूही सांगेल. 23 फेब्रुवारी 1878, शेगाव, पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या पत्रावळ्या, आणि त्यातली शितं वेचून खाणारे गजानन महाराज. "पंगत कोनाची, इचारलं काय त्याइनं?" एवढं बोलून बुवा वीणा सावरत पुढे गेले. बुवांचं हे नेहमीचंच, अर्धं सांगायचं आणि चालू पडायचं.

वाडेगाव झालं, पातूर झालं. पातूरला मुक्काम छान होता म्हणतात, मी झोपले होते.

घाटात मात्र पायाने दगा दिला. मृग लागून आठवडा उलटला होता तरी थेंब नव्हता. डांबर भाजत होतं, सागाची सावली नावाला. टाचेवरचा फोड लिंबाएवढा झाला. दिंडी पुढे गेली, टाळ ऐकू येईनासे झाले. पाय फरफटत घाट ओलांडला आणि मेडशीच्या अलीकडे शेताच्या कडेचं एक टिनाचं घर दिसलं. ओसरीवर सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा थप्पी लावून ठेवलेल्या, आणि त्यांना टेकून एक म्हातारी बसलेली.

"ये वो माय. पाय दाखव."

"नको आजी, जरा बसते फक्त."

तिने ऐकलंच नाही. पितळी परातीत कोमट पाणी आणलं, माझा पाय स्वतःच उचलून त्यात ठेवला, धुतला, लुगड्याच्या पदराने टिपला. सुई चुलीच्या जाळावर धरली, लाल झाली तशी गार होऊ दिली. पांढरा दोरा ओवला, एका बाजूने फोडात घालून दुसऱ्या बाजूने काढला आणि दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून तोडला. पाणी दोऱ्यावाटे झिरपू लागलं. वर खोबरेल तेलात कालवलेली हळद. "दोरा वढू नोको. आपोआप वाळंल."

नातू दारात उभा होता. त्याला पेरणीचं विचारलं. म्हणाला, "कृषीवाले सांगतात, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मंगच पेरा. दुबार पेरणी कोनाले परवडते? ह्या बॅगाच उधारीच्या हायेत."

उधारीचं ऐकून माझा हात पिशवीत गेला. शंभराची नोट काढेपर्यंत आजीने माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या आईच्या वयाची बाई! मी झटकन पाय ओढला, तशी ती भडकली. "काहून वढतं? तुह्या पायावर नाई ठेवून रायली मी, वारीच्या पायावर ठेवून रायली." मग नोट दिसली. "हे काय? दुकान हाय काय माहं?"

पाय परत पुढे केला. ते जड गेलं, सुईपेक्षा जड. तिचं कपाळ तापलेलं होतं, घामाची ओल माझ्या पावलावर राहिली. मला रडू आलं ते भक्तीनं की नुसत्या शरमेनं, कोण जाणे. नोट मात्र मी पिशवीत टाकली.

निघताना दोन भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला. फडकं परत कसं करू म्हटलं, तर हसायला लागली. "त्याले म्हना, पानी धाड. बाकी काई नाई."

शिरपूरला पाऊस आला. तिच्या शेतात पडला का, ते मला कसं कळणार? आम्ही मात्र राहुटीत चिंब झालो. भंडारी दान आलेल्या पिठाच्या पोत्यांवर खेकसत होता, "आता हे ठेवू कुठं, डोक्यावर?" एका बाईने माझी जागा बळकावली म्हणून मी तिच्याशी रात्रभर बोलले नाही. सकाळी काकड्याला तीच शेजारी उभी होती, आणि आवाज काय गोड तिचा!

फडकं डोक्याला बांधून रिसोड गाठलं. तिथे वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे एक दादा रस्त्यावर बसले होते. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेलाच होता. त्यांनी शिवला, चप्पल पुसून माझ्यापुढे ठेवली आणि हात जोडले. मी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकले, "राम कृष्ण हरी" म्हटलं आणि निघाले. मनात म्हटलं, जमलं बाई तुला.

पानकन्हेरगाव यायच्या आतच तो अंगठा पुन्हा उसवला. वीस रुपये मोजले असते तर मागे जाऊन भांडता तरी आलं असतं.